नळावरून लोकसभेत: एका प्रतिक्रियेला उत्तर

मुंबईत नगरसेविका म्हणून काम करून 1977 मध्ये खासदार झालेल्या मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, म्हणून उत्तरही जरा सविस्तर देते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नगरसेवकाचं काम पाणी-गटाराचं, खासदाराचं कायद्याचं, आणि एकाचा दुसऱ्याला काही उपयोग नाही. आणीबाणीनंतरच्या 1977 च्या काँग्रेसविरोधी लाटेत जनता पक्षाच्या तिकिटावर कुणीही निवडून आलं असतं. आणि दिल्लीत जाऊन मृणालताईंनी असं केलं तरी काय?

आधी लाटेबद्दल. 1977 ला लाट होती, हे मान्यच. मुंबईत काँग्रेसला लोकसभेची एकही जागा मिळाली नाही. पण त्याआधीची 1972 ची विधानसभा निवडणूक आठवा. बांगलादेश युद्धानंतर इंदिराबाईंचा दबदबा एवढा होता की महाराष्ट्रात 270 पैकी 222 जागा काँग्रेसनं जिंकल्या. त्या वर्षी समाजवादी पक्षाच्या मृणालताई आमदार झाल्या. तेव्हा लाट त्यांच्या विरुद्ध होती. मग मतं आली कुठून? ती गोरेगावच्या नळावरून आली. 1954 पासून गोरेगावच्या ग्रामपंचायतीत आणि 1961 पासून महापालिकेत त्या पाण्यासाठी भांडत होत्या. ‘पाणीवाली बाई’ हे नाव लोकांनी उगाच दिलं नव्हतं.

दोन कामांचा एकमेकांशी संबंध नाही, हे मात्र मला अजिबात पटत नाही. माझी आई तेव्हाच्या उपनगरातल्या चाळीत राहायची. पाणी पहाटे यायचं, तळमजल्याच्या बादल्या भरेपर्यंत वरच्या मजल्यावर धार बारीक झालेली असायची. अशा तक्रारीत वरवर एकच मागणी दिसते: पाणी द्या. पण ती धसास लावायची तर चावीवाला किती वाजता चावी फिरवतो, लाइन किती इंची आहे, प्रस्ताव कोणाच्या टेबलावर अडलाय, स्थायी समितीत तो कधी येणार, हे सगळं माहीत असावं लागतं. बजेटातला आकडा आणि घरातला हंडा यांची सांगड घालायची सवय तिथे लागते. कायदा करणाऱ्या माणसाला ही सवय नको?

महागाईविरुद्धचा लाटणं मोर्चा घ्या. मृणालताई, अहिल्याताई, वेगवेगळ्या पक्षांच्या बायका एकत्र आल्या आणि गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. आईही गेली होती. ते लाटणं आज माझ्याकडे आहे, एका टोकाला टवका उडालेलं. त्या दिवशीच उडाला, असं ती सांगायची. संध्याकाळी घरी येऊन तिनं त्याच लाटण्यानं पोळ्या केल्या. तेलाचा आणि रॉकेलचा भाव हा राजकारणाचा विषय आहे, हे तिला कुणी भाषणातून शिकवलं नव्हतं.

आता तुमचा तिसरा प्रश्न, आणि तो सगळ्यात अवघड. ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही 1977 ची घोषणा (मृणालताई जिंकल्या, इंदिराबाई हरल्या) आपण आजही आवडीनं सांगतो, पण दिल्लीत पुढे काय झालं ते सांगत नाही. ती लोकसभा 1979 च्या ऑगस्टमध्ये विसर्जित झाली. पंतप्रधान मोरारजी देसाईंनी देऊ केलेलं आरोग्य खात्याचं मंत्रिपद मृणालताईंनी नाकारलं. लोक याचं कौतुक करतात. मला मात्र वाटतं, त्यांनी ते घ्यायला हवं होतं. वॉर्डातली नजर असलेली बाई देशाच्या आरोग्य खात्यात बसली असती तर फरक पडला असता. तेवढ्यापुरती मी तुमच्या बाजूनं आहे.

पण मग त्यांचं मोठं काम कुठे झालं? पुन्हा विधानसभेत. गर्भलिंगनिदानाविरुद्ध त्यांनी सभागृहात विषय लावून धरला, बाहेर स्त्री संघटना लढत होत्या, आणि 1988 मध्ये महाराष्ट्रानं कायदा केला. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. केंद्राचा कायदा 1994 चा. मुंबईतल्या बायकांनी सुरू केलेली गोष्ट सहा वर्षांनी दिल्लीला करावी लागली. गोरेगावजवळ दिंडोशीला ‘नागरी निवारा’ या परवडणाऱ्या घरांच्या योजनेची 6 हजारांहून अधिक घरं उभी राहिली तीही त्या दिल्लीहून परतल्यावरच. नगरसेवक, आमदार, खासदार ही चढती शिडी आहे असं आपण धरून चालतो. मृणालताई त्या शिडीवरून खाली उतरल्या आणि त्यांचं काम वाढलं.

म्हणूनच मला आजची काळजी वाटते. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकानं कारभार पाहिला. एवढा काळ एकही नवी मुलगी वॉर्ड ऑफिसात जाऊन आपल्या लोकांची फाइल सोडवायला शिकली नाही. उद्याच्या मृणालताई त्या वर्षांत कुठे तयार होणार होत्या?

शेवटी, माझी एक चूक तुमच्यामुळे लक्षात आली. ‘दोघीही महापालिकेतून थेट लोकसभेत गेल्या’ असं मी लिहिलं होतं. अहिल्याताईंबाबत ते बरोबर आहे. मृणालताईंच्या वाटेत विधानसभा होती. वाक्य आजच दुरुस्त केलं आहे.