चांदीची केबल आणि फूटभर तांबं

महागड्या स्पीकर केबलबद्दलचा दावा अधूनमधून नव्याने फिरू लागतो. साध्या वायरीतून आवाज 'गाळून' येतो. शुद्ध तांब्याची किंवा चांदीची केबल लावली की बास घट्ट होतो, वरचे सूर खुलतात, तानपुऱ्याची जवारीसुद्धा सुटी ऐकू येते. मग कारणं येतात: धातूची शुद्धता, स्किन इफेक्ट, केबलवर छापलेल्या बाणाची दिशा, शंभर तास वाजवून केबलचं 'मुरणं'. आणि सरतेशेवटी हुकमाचा एक्का, 'मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.'

शुद्धतेपासून सुरुवात करू. विजेच्या कामाचं नेहमीचं तांबं आणि ऑक्सिजनमुक्त तांबं यांच्या वाहकतेत जेमतेम एक टक्का फरक असतो. ऑक्सिजन काढतात त्याचं कारणही वेगळंच आहे: हायड्रोजनच्या सान्निध्यात तापवलं की साधं तांबं ठिसूळ होतं. चांदी मात्र तांब्यापेक्षा खरोखरच सरस आहे, साधारण सहा टक्क्यांनी. पण पाच मीटरच्या केबलमध्ये हा सगळा फायदा मिळवायला चांदी लागत नाही. तांब्याचीच वायर फूटभर कापून टाकली तरी काम होतं.

आता घट्ट बासचं बघू, कारण खरी गंमत इथे आहे. अडीच स्क्वेअरची (अडीच चौरस मिलिमीटर जाडीची) पाच मीटर तांब्याची वायर घेतली, तर जाऊन-येऊन तिचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, सुमारे 0.07 ओहम भरतो. 8 ओहमच्या स्पीकरवर त्याने आवाज 0.08 डेसिबलच्या आसपास कमी होतो. एवढासा फरक गाणं ऐकताना कळणं दुरापास्त. दावा करणारे म्हणतात, हाच रोध कमी केला की ॲम्पची (ॲम्प्लिफायरची) स्पीकरवरची पकड सुधारते. पण केबल संपते तिथे तांबं संपत नाही. पुढे स्पीकरच्या आत व्हॉइस कॉइल आहे, केसासारख्या बारीक तारेचं वेटोळं, आणि 8 ओहमच्या स्पीकरमध्ये त्याचाच रोध 6 ओहमच्या घरात असतो. विजेला त्यातून जावंच लागतं. शिवाय मोठ्याने वाजवलं की ते तापतं. दर अंशाला तांब्याचा रोध सुमारे 0.4 टक्के वाढतो. कॉइल 50 अंशांनी तापली की 6 चे 7.2 ओहम होतात. म्हणजे गाणं वाजता वाजता रोध 1.2 ओहमने वर गेला, आणि आपण बाहेरच्या 0.07 साठी झोप उडवून घेतोय.

स्किन इफेक्ट खोटा नाही. 20,000 हर्ट्झला वीज तांब्याच्या पृष्ठभागापासून अर्ध्या मिलिमीटरपर्यंतच्या थरात जास्त वाहते. त्याच वायरीवर हिशोब केला तर सगळ्यात वरच्या टोकाला याने होणारं जास्तीचं नुकसान डेसिबलच्या साधारण पन्नासाव्या भागाइतकं येतं. आणि ते टोक मोठ्या माणसांपैकी बहुतेकांना मुळात ऐकूच येत नाही.

बाणाबद्दल फार बोलायला नको. स्पीकरकडे जाणारी वीज पुढे-मागे हेलकावते. तिला एक दिशाच नाही. ज्या शील्ड केबलचं वेष्टण एकाच टोकाला जोडलेलं असतं, तिथे बाणाला अर्थ आहे, पण ती ॲम्पच्या आधी लागते. मुरण्याचं म्हणाल, तर शंभर तासांत तांबं मुरत नाही, ऐकणारा मुरतो.

वायरीने काहीच फरक पडत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. बारीक वायर लांबवर नेली आणि पुढे 4 ओहमचे स्पीकर असले, तर आवाजाचा तोल ऐकू येण्याइतका ढळू शकतो. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम तांबं म्हणून विकलं जातं. त्याचा रोध तांब्याच्या जवळपास दीडपट. सैल स्क्रू, काळवंडलेली टोकं, उलटं जोडलेलं प्लस-मायनस, हे तर नक्कीच ऐकू येतं. यातल्या प्रत्येकावर उपाय जाड साधी वायर आणि पाच मिनिटं वेळ. उलट काही महागड्या केबलींचा कपॅसिटन्स (वीज साठवून ठेवण्याचा गुण) इतका जास्त असतो की एखादा ॲम्प त्यांच्यामुळे अस्थिर होतो. फरक तिथेही पडतो म्हणायचा!

राहिला 'मी स्वतः ऐकलंय'. तेही खोटं नाही, मीही ऐकलंय. केबल बदलायला आपण उठतो, परत येऊन बसतो, डोकं चार बोटं इकडेतिकडे होतं. 10,000 हर्ट्झच्या लहरीची लांबीच साडेतीन सेंटिमीटर असते, त्यामुळे खोलीतल्या परावर्तनांचा मेळ तेवढ्यानेही बदलतो. त्यात आपण कान टवकारून बसलेलो. म्हणून मी धाकट्या भावाला ॲम्पमागे बसवलं आणि त्याच्याकडे पाठ करून ऐकायला बसलो. बारा फेऱ्या, एकच गाणं. केबल बदलायची की नाही ते त्याने ठरवायचं. सात वेळा मी छातीठोकपणे 'ही महागडी' म्हणालो. कागद जुळवायला घेतला तेव्हा तो म्हणाला, "दादा, मी हातच लावला नव्हता. नुसता खुडबुडत होतो."

महागडी केबल अजूनही तिथेच आहे. काढायला कपाट हलवावं लागतं.