गारबोर्गचे शेत आणि आपली प्रतिक्रिया

स. न.

आर्ने गारबोर्ग या नॉर्वेजियन संपादक-लेखकावरील माझ्या लेखाखाली आपण लिहिले आहे की, ‘बापाचे शेत टाकून शहर गाठणाऱ्याने शेतकऱ्यांच्या बोलीचा कैवार घ्यायचा आणि आपण त्याला तत्त्वनिष्ठ म्हणून ओवाळायचे, हे घरबसल्या केलेले भाबडे लेखन आहे.’ मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु ‘घरबसल्या’ आणि ‘भाबडे’ हे शब्द मुद्दा मांडण्यासाठी नव्हे, तर बोचण्यासाठीच योजलेले आहेत, आणि या सुरात समोरासमोर बसून कोणी बोलत नाही.

शेताचे म्हणाल, तर थोरला मुलगा म्हणून नॉर्वेच्या यॅरेन भागातील त्या जमिनीवर पहिला हक्क गारबोर्गचाच होता. तो सोडून तो शिक्षक होण्यासाठी बाहेर पडला आणि १८७० मध्ये, धर्मभयाने ग्रासलेल्या त्याच्या वडिलांनी आत्महत्या केली तेव्हा, तो एकोणीस वर्षांचा होता. ही जखम त्याने झाकून ठेवली असती, तर ढोंगीपणाचा आपला आरोप ऐकून घेता आला असता. पण १८९२ च्या ‘फ्रेड’ या कादंबरीत त्याने एनोक होवे हा, घरादाराला आपल्या पापभीतीत ओढणारा आणि अखेर जीव देणारा शेतकरी उभा केला, तो कोणावरून, हे आपणच सांगावे.

मी स्वतः शेतकऱ्याच्या घरातला थोरला मुलगा आहे, सातबाऱ्यावर आजही माझे नाव आहे, आणि एका जिल्हा दैनिकात ग्रामीण वार्ताहरांच्या बातम्या ‘शुद्ध’ करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आहेत. ‘पऱ्हाटी’ खोडून ‘कपाशीचे पीक’ लिहिणारा हात माझाच होता. गाव सोडलेल्याने गावाच्या बोलीसाठी भांडावे की नाही, हे निदान मला तरी कोणी शिकवू नये.

शिवाय या माणसाने किंमत मोजली. ईवार ओसेनने बोलींच्या आधारे घडवलेल्या लेखनभाषेत त्याने १८७७ मध्ये ‘फेद्राहाइमेन’ हे पत्र काढले. १८७९ पासून त्याला सरकारी हिशेबतपासनिसाचे पद होते. १८८६ मध्ये पुरुषांच्या लैंगिक दुटप्पीपणावरची ‘मान्फोल्क’ ही त्याची कादंबरी आली आणि पुढच्याच वर्षी ते पद गेले. नवपरिणीत हुल्दासह तो कोल्बोत्नच्या डोंगरातल्या लहानशा घरात राहायला गेला. ‘शहरातला आरामखुर्चीवाला’ म्हणताना आपण एवढे तरी वाचायला हवे होते.

गारबोर्गच्या ‘हाउग्तुस्सा’ या काव्यमालेतील कवितांना नॉर्वेजियन संगीतकार ग्रीगने चाली दिल्याचा उल्लेख लेखात हवा होता, हे आपले म्हणणे रास्त आहे, ती ओळ आजच घालतो. लेख लांबला, नावे जिभेला जड आहेत, त्यापेक्षा इब्सेनवर लिहा, वगैरे सूचनांवर शाई खर्च करण्यात अर्थ नाही. इब्सेनवर मराठीत लिहिणारे पुष्कळ आहेत. उतारवयात रामायणातील कथा आपल्या त्या शेतकरी भाषेत उतरवणारा गारबोर्ग मात्र, माझा लेख वाचण्यापूर्वी, आपल्याला तरी ठाऊक होता काय?