क्रीम फाटते, हे सांगायला कुणाचीच जीभ का रेटत नाही?

तळाशी स्ट्रॉबेरीचे लालभडक सिरप, त्यावर फसफसणारा सोडा आणि सर्वांत वर अलगद तरंगणारे पांढरे क्रीम, असा पेला अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत दाखवून 'घरच्या घरी पाच मिनिटांत क्रीम सोडा' असे छातीठोकपणे सांगणाऱ्या समस्त मंडळींवर मी मनापासून संतापले आहे. गेल्या रविवारी भाचीच्या वाढदिवसाला मी असे आठ पेले भरले आणि आठच्या आठ पेले मला मोरीत ओतावे लागले.

कृतीत सांगितले होते त्यात मी तसूभरही बदल केला नव्हता. महाबळेश्वरची अर्धा किलो स्ट्रॉबेरी साखर घालून मंद आचेवर शिजवली, गाळून घेतली आणि 'रंग टिकण्यासाठी' म्हणून सांगितलेले अर्धे लिंबूही त्यात पिळले. पेल्यात बर्फ, सिरप, सोडा आणि शेवटी खोक्यातले फ्रेश क्रीम, हा क्रमही तोच ठेवला. पहिला अर्धा मिनिट सारे अगदी व्हिडिओसारखे दिसत होते, कारण क्रीमचे पांढरे धागे गुलाबी पाण्यात हळूहळू खाली उतरत होते. मग त्या धाग्यांच्या कण्या झाल्या, कण्या काचेला चिकटू लागल्या आणि पाहता पाहता खाली पाणी व वर चोथा अशी ताटातूट झाली. भाचीने पेला डोळ्यांजवळ धरला आणि विचारले, "मावशी, यात पनीर घातलंय का?" त्या पोरीचे काहीच चुकले नव्हते, कारण पनीर करताना आपण दुधात लिंबू पिळतो तेव्हा नेमके हेच घडते.

माझा संताप आहे तो इथेच. दुधातले केसीन हे प्रथिन सामू (pH, म्हणजे आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) 4.6 च्या आसपास आला की गोळा होऊन बसते. स्ट्रॉबेरीचा सामू 3 ते 4 च्या दरम्यान असतो, सोड्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड स्वतःच आम्लधर्मी असतो, आणि एवढे आम्ल जमवल्यावर वर आणखी लिंबू पिळायला सांगून त्यात दुधाचे क्रीम ओतायला लावणे म्हणजे समोरच्याला हात धरून खड्ड्यात नेणे आहे. घरी न शिजवता बाजारचे फ्रूट क्रश आणले तरी सुटका नाही. बाटलीवरचे बारीक अक्षर वाचले तर तिथे आम्लता नियंत्रक 330, म्हणजेच सायट्रिक आम्ल, बहुधा सापडतेच. एवढी साधी गोष्ट कृतीच्या पहिल्या ओळीत यायला हवी, पण ती शेवटच्या ओळीतही नसते. कुणी विचारलेच, तर 'तुमचे क्रीम ताजे नसेल' असे ठरावीक उत्तर तोंडावर फेकले जाते. माझे क्रीम ताजे होते, खोके मी त्याच सकाळी आणून फोडले होते, आणि दोष माझ्या माथी मारण्याचा यांना काहीएक अधिकार नाही.

मुळात ही क्रीम सोड्याची कृती परदेशी 'इटालियन सोडा'वरून डोळे मिटून उचललेली आहे. नावात इटली असलेला हा 'इटालियन सोडा' रुजला अमेरिकेत. 1925 साली सान फ्रान्सिस्कोत टोरे दांपत्याने फळांची सिरपे विकायला सुरुवात केली आणि सोड्यात सिरप घालून पिण्याची चाल तिथे वाढली. तिथले हेवी क्रीम किमान 36 टक्के स्निग्धांशाचे असते. आपल्याकडे फ्रेश क्रीमच्या खोक्यावर बहुधा 25 टक्के लिहिलेले असते. स्निग्धांश कमी म्हणजे फाटणारा भाग जास्त, म्हणून तिकडे कसेबसे निभावते ते इकडे पेल्यातच उघडे पडते. 'क्रीम घ्या' एवढे दोन शब्द बोलून मोकळे होणाऱ्यांनी कोणते क्रीम, किती टक्क्यांचे, हे सांगायची तसदी का घेऊ नये?

सोड्याची हेळसांड तर वेगळीच. फळीवरची कोमट बाटली उघडून बर्फावर ओतताना दाखवतात आणि फेस पाहून खूश होतात, पण तो फेस म्हणजे निसटून चाललेला वायू असतो. शून्य अंशाला पाण्यात जेवढा कार्बन डायऑक्साइड मावतो, त्याच्या जेमतेम निम्मा 20 अंशाला मावतो. बाटली रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, हे चार शब्द सांगायला काय पैसे पडतात?

दुसऱ्या दिवशी मी हट्टाने पुन्हा बसले. लिंबू वगळले, सिरप दोनच चमचे घेतले, सोडा आणि क्रीम बर्फासारखे गार केले, आणि क्रीम चमच्याच्या पाठीवरून सोडले. तरी पाच मिनिटांत कण्या दिसल्याच, फक्त उशिरा दिसल्या. क्रीमऐवजी व्हॅनिला आइस्क्रीमचा गोळा टाकला तेव्हा ते पुष्कळ वेळ टिकले, कारण त्यात घट्टपणासाठी घातलेले डिंक असतात. मात्र फेस भसाभसा वर येऊन ओटा चिकट झाला, तेव्हा पेला अर्धाच भरावा.

आणि मग मला सोलकढी आठवली. कोकमाच्या आगळासारख्या आंबटढाण रसात नारळाचे दूध घालणारी आपली कोकणची बाई हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या सोडवून बसली आहे, कारण नारळाच्या दुधात केसीन नसतेच. थोड्या वेळाने ते वर-खाली होते खरे, पण एकदा ढवळले की पुन्हा एकजीव होते. नारळाचे पहिले, जाड दूध गार करून मी स्ट्रॉबेरीच्या सोड्यावर सोडले आणि पंधरा मिनिटांनीही पेला तसाच गुलाबी, तसाच मऊ होता. हे सुचायला मला अर्धा किलो स्ट्रॉबेरी, दोन खोकी क्रीम आणि एका लहान मुलीचा वाढदिवस खर्ची घालावा लागला, याचा राग माझ्या मनातून जात नाही.

लिंबू पिळायला सांगणारा तो व्हिडिओ अजून जसाच्या तसा आहे. क्रीम ओतल्याबरोबर तो संपतो. तो करणाऱ्यांनी एकदा कॅमेरा बंद न करता तोच पेला पाच मिनिटांनी दाखवावा.