ट्राय करू देत नाही, तर विकता कशाला?

पंचेचाळीस हजारांची गोल्फची काठी, म्हणजे क्लब, आणि ती एकदाही नीट न वापरता घ्यायची. वर तक्रार केली की आपणच किरकिरे! नाशिकच्या बाजारात द्राक्षाचा मणी तोंडात टाकल्याशिवाय कोणी पाव किलो घेत नाही, आणि गोल्फच्या दुकानातला पोरगा मला तोंडावर सांगतो, "सर, सगळे असंच घेतात. रिव्ह्यू बघून." अरे, रिव्ह्यूवाल्याच्या हातात तो क्लब आहे, माझ्या हातात कुठे आहे?

विषय मिनी ड्रायव्हरचा आहे. ज्यांना या भानगडीतलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ड्रायव्हर म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब. नेहमीच्या ड्रायव्हरचं डोकं नियमाप्रमाणे ४६० सीसीपर्यंत मोठं असू शकतं आणि बहुतेक कंपन्या तेवढंच करतात. थ्री वुड, म्हणजे त्याच्या खालोखाल लांब मारणारा क्लब, त्याचं डोकं निम्म्याहून लहान. मिनी ड्रायव्हर या दोघांच्या मधला, साधारण २८० ते ३४० सीसीचा. शाफ्ट, म्हणजे दांडा, ड्रायव्हरपेक्षा दोनेक इंच आखूड. लॉफ्ट, म्हणजे बॉल लागतो त्या फेसचा तिरपेपणा, जास्त. शाफ्ट आखूड असला की बॉल फेसच्या मधोमध लागायची शक्यता वाढते. अंतर थोडं घटलं तरी बॉल निदान आपल्याच फेअरवेवर, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, राहतो, असा सगळा हिशेब. हे कालपरवाचं खूळही नाही. टेलरमेड कंपनीने २०१४ मध्येच एसएलडीआर मिनी आणला होता. २०२१ मध्ये अमेरिकन गोल्फर फिल मिकलसनने वयाच्या पन्नाशीत पीजीए चॅम्पियनशिप ही मोठी स्पर्धा जिंकली, तेव्हा त्याच्या बॅगेत जवळजवळ ४८ इंची लांबलचक ड्रायव्हर होता आणि त्याच्या जोडीला मिनी ड्रायव्हरही. आता टायटलिस्ट, कॅलवे सगळेच काढायला लागलेत.

मिकलसनचं नाव मुद्दाम घेतलं. तो डावखुरा खेळतो. मीही डावखुरा खेळतो. माझ्या डोक्यात तिडीक जाते ती इथपासून.

नाशकात कोणाला गोल्फचं विचारलं की तो सरळ त्र्यंबक रोडकडे बोट दाखवतो. गोल्फ क्लब मैदान, म्हणजे आपलं हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथे रणजीचे सामने होतात, पोरांचं क्रिकेट चालतं, पहाटे अर्धं शहर चालायला येतं. गोल्फ सोडून सगळं होतं तिथे. त्यामुळे सामान बघायचं तर मुंबई किंवा पुणं. एका बाजूला कसारा घाट, दुसऱ्या बाजूला चाकण. घ्या निवडून कुठे सडायचं ते.

मी पुणं निवडलं. निघण्याआधी फोन केला, स्पष्ट विचारलं, "लेफ्टी मिनी ड्रायव्हर ट्रायलला आहे का?" "हो सर, या ना." कुंभमेळ्यासाठी उकरलेल्या रस्त्यांमधून कसाबसा शहराबाहेर पडलो, सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत चाकणला पोचलो आणि तिथे कंटेनरच्या मागे उभा राहून आयुष्याचा विचार करत बसलो. दुकानात पोचलो तर पोरगा हसतमुखाने क्लब घेऊन आला. राइटी!

म्हटलं, अरे बाबा, मी फोनवर काय बोललो होतो? तर म्हणे, "सर, लेफ्टी ऑर्डरवर येतो. तुम्ही राइटीने ट्राय करून बघा ना, आयडिया येईल."

आयडिया येईल! उलट्या हाताने फटका मारून मला कसली आयडिया येणार? लहानपणी डाव्या हाताने घास उचलला म्हणून आजीचे धपाटे खाल्ले, तेव्हाही कोणी "उजव्या हाताने खा, चव तीच लागेल" असं म्हणालं नव्हतं.

बरं, तुलना करायला माझा स्वतःचा ड्रायव्हर बरोबर नेला होता. म्हटलं, आलोच आहोत तर निदान त्याचे आकडे तरी घेऊ. तर ट्रायलची जागा बांधलीये ती फक्त उजव्यांसाठी. डावखुरा उभा राहिला की बॅकस्विंगला मागची भिंत लागते. त्या भिंतीवर काळे ओरखडे होते, म्हणजे माझ्याआधीही कोणीतरी बिचारा येऊन गेलेला. मग मॅट सरकवली, नेट सरकवलं, पोराने बॉलचा नि क्लबचा वेग मोजायचं मशीन हाताने उचलून पलीकडे ठेवलं. सेटिंग मात्र राइटीचंच. मी सांगितलं तर म्हणाला, "ऑटोमॅटिक घेतं सर."

घेतलं ना! पडद्यावर स्मॅश फॅक्टर आला १.५८. स्मॅश फॅक्टर म्हणजे बॉलचा वेग भागिले क्लबचा वेग. नियमात बसणाऱ्या कुठल्याही ड्रायव्हरला तो १.५ च्या आसपास जाऊन थांबतो, कारण फेसने किती उसळी द्यावी यावरच नियमाची मर्यादा आहे. जगातल्या भल्याभल्यांना जे जमत नाही ते मला चाकणच्या ट्रॅफिकमधून उतरून, पाठ अवघडलेली असताना, भिंत चुकवत जमलं! आणि हा पोरगा टाळी वाजवून म्हणतो, "बघा सर, तुमचा स्विंग किती भारी आहे. मिनीने अजून वाढेल." कुठे वाढेल रे? मशीनमध्येच का?

यांना एक साधी गोष्ट कळत नाही, किंवा कळते आणि मुद्दाम वळत नाही. मिनी ड्रायव्हर घेणाऱ्याला दोनच गोष्टी बघायच्या असतात. टीवरून, म्हणजे खुंटीवर ठेवलेला बॉल माझ्या ड्रायव्हरपेक्षा सरळ जातो का? आणि टीशिवाय, नुसत्या गवतावरून उचलला जातो का? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, कारण बॅगेत क्लब १४ च ठेवता येतात. मिनी आत आला की कोणीतरी बाहेर जाणार, आणि बहुतेकांच्या बॅगेत ती कुऱ्हाड थ्री वुडवर पडते. आता मिनीचा फेस थ्री वुडपेक्षा उंच, त्यामुळे जमिनीवरचा बॉल त्याने हवेत चढवणं मुळातच अवघड. ते मला जमेल का, हे मला गवतावरच कळणार. मॅटवर बॉलच्या दोन इंच मागे क्लब आपटला तरी तो घसरत जाऊन बॉलला लागतो, आणि पडद्यावर झकास रेघ उमटते. आपल्या काळ्या मातीत तोच फटका मारा. ढेकूळ पुढे जातं, बॉल जागेवर, आणि मनगटातून कळ डोक्यापर्यंत. मॅट आणि नेट दाखवून हा क्लब विकणं ही शुद्ध धूळफेक आहे.

ऑर्डरचे नियम तर ऐका. लेफ्टी हवा तर पूर्ण पैसे आधी. यायला किती दिवस लागतील, सांगता येत नाही. आला की परत घेणार नाही, बदलून देणार नाही. लॉफ्ट आणि शाफ्ट "जो अव्हेलेबल असेल तो". म्हणजे लग्न ठरवायचं, मुलगी बघायची नाही, नाव विचारायचं नाही, हॉलचे पैसे मात्र आधी भरायचे. अमेरिकेत हाच क्लब साडेचारशे डॉलरच्या आसपास मिळतो आणि माझा तिथला भाचा सांगतो की दुकानाबाहेरच्या रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, तो दिवसभर मारून बघू देतात. इथे कस्टम ड्युटीही आम्ही भरायची आणि धोकाही आम्हीच पत्करायचा.

मग इकडे रेंजवर एका कंपनीचा डेमो डे लागला. मी सकाळीच जाऊन उभा. आणि काय सांगू, लेफ्टी होता! खराखुरा, चकचकीत, डाव्या हाताचा मिनी ड्रायव्हर. हातात घेतला तर फेसवर प्लास्टिकची पट्टी तशीच. काढायला नख लावलं तर कंपनीचा माणूस धावत आला. "सर, सर, प्लास्टिक नको काढू, पुढे पीस विकायचाय." अहो, बॉल लागणार कुठे? फेसवरच ना? त्यावर प्लास्टिक ठेवून स्पिन काय कळणार, आवाज काय कळणार? शाफ्ट स्टिफ, म्हणजे कडक, पंचवीस वर्षांच्या पोराला शोभेल असा. बॉल रेंजचे, घासून घासून टकले झालेले. माणशी मोजके फटके, मागे रांग. आणि जागा? हिरवी मॅट! शंभर पावलांवर फेअरवे पसरलेला, माळी त्यावर निवांत पाणी मारतोय, आणि आम्ही रबरावर प्लास्टिक आपटतोय. मी म्हटलं, एकच बॉल तिकडे गवतावरून मारतो. "अलाऊड नाही सर, क्लब खराब होतो."

गवतावर मारलं की गोल्फ क्लब खराब होतो. हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

माझा कॅडी, म्हणजे बॅग उचलणारा, हे सगळं बघत उभा होता. तो हळूच म्हणाला, "साहेब, तुमचा ड्रायव्हर तसाही डावीकडेच पळतो, याने कमी पळेल एवढं नक्की." त्या दिवसभरातला हा एकमेव प्रामाणिक सल्ला, तोही ज्याला विक्रीत दमडी मिळत नाही त्याच्याकडून. विकणाऱ्यांपैकी एकानेही विचारलं नाही की तुमचा बॉल कुठे जातो, स्विंगचा वेग किती, बॅगेतून काय काढणार. विचारलं ते फक्त, "कार्ड की यूपीआय?"

आणि मित्रमंडळी! एक म्हणतो, "घेऊन टाक रे, नाही जमला तर विकून टाक." कोणाला विकू? नाशकात लेफ्टी मिनी ड्रायव्हर घेणारा दुसरा माणूस दाखव, संध्याकाळची मिसळ माझ्याकडून. दुसरा म्हणतो, "त्यापेक्षा राइटी खेळायला शीक." त्याच्याशी मी सध्या बोलत नाही.

काल पुण्याच्या त्या दुकानातून परत मेसेज. "सर, मिनी ड्रायव्हर शेवटचा पीस, तुमच्यासाठी ठेवलाय, बुक करू का?" मी एकच विचारलं, लेफ्टी आहे का. बराच वेळ काही नाही. मग उत्तर आलं, "नाही सर, राइटी आहे. पण डिस्काउंट देऊ."