ठणका आणि सल्लागार

दाढ दुखते ती शनिवारी रात्रीच, दवाखान्याचं शटर खाली आल्यावर. दिवसभर नुसती कुरकुर. माणूस आडवा झाला रे झाला की ठणका सुरू. त्यालाही कारण आहे. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा जोर वाढतो आणि दाढेच्या आतला मऊ भाग सुजला तरी त्याला फुगायला जागा नाही, चहूबाजूंनी टणक भिंत. मग नाडीच्या प्रत्येक ठोक्याला तिथे एक घाव! म्हणून मी उशांची चळत रचून अर्धवट बसलो, आणि बसलेला माणूस रिकामा दिसतो म्हणून सल्लागार जमले.

मेहुण्याचा फोन : "दाढेशेजारी हिरडीवर ॲस्पिरिन ठेवा, विरघळू द्या." ती आम्लधर्मी गोळी हिरडी भाजून काढते, म्हणजे एकाच्या जागी दोन दुखणी. शेजारच्या काकांनी अँटिबायोटिकची उरलेली पट्टी आणली, कुणाच्या तरी जुन्या खोकल्यातली. दाढेच्या मुळाशी साचलेला पू असा गोळीने हटत नाही, त्याला रूट कॅनाल नाहीतर दाढ काढणं, हे मी त्यांना सांगितलं. पण अर्धं तोंड बंद ठेवून बोललेलं 'रूट कॅनाल' त्यांना काय ऐकू आलं कोण जाणे, ते "छान, छान" म्हणाले.

लवंगतेलाने मात्र खरंच बधिरपणा येतो, ते काम त्यातल्या युजेनॉलचं. बोळा जपून दाढेवर टेकवायचा असतो, नाहीतर हिरडी चुरचुरते. माझा बोळा घसरला. ओठ, जीभ आणि बोटाचं टोक बधिर झालं. दाढ टक्क जागी.

शेवटी कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा, गालावर बाहेरून बर्फाची पुरचुंडी आणि गोळ्या. आयबुप्रोफेनच्या आधी केमिस्टने अल्सर, किडनी, रक्त पातळ करणारी औषधं अशी उलटतपासणी घेतली. पॅरासिटामॉल मोठ्या माणसाला 24 तासांत 4 ग्रॅमच्या वर नाही, आणि सर्दीच्या गोळीतही ते लपलेलं असतं, अशी तंबी वर.

बायको अधूनमधून टॉर्च मारून गाल बघत होती. सूज डोळ्याकडे किंवा मानेकडे सरकली, ताप चढला, तोंड उघडेना, गिळता येईना, श्वास अडला, तर थेट इस्पितळ. गाडीची किल्ली तिच्या हातातच होती. काळजीपेक्षा उत्साह जास्त वाटला मला.

आणि सोमवारी पहाटे ठणका गायब! "अपॉइंटमेंट रद्द करा," मेहुणा. ठणका असा अचानक थांबतो तो बरेचदा आतली नस मेल्यामुळे. पू आपलं काम चालूच ठेवतो. गेलो.

डॉक्टरांनी आरशाच्या दांड्याने एकेका दातावर टकटक केली. "ही? ही? बरं, ही?"

मी खुर्चीतून वीतभर उडालो.

"ही," असं म्हणून त्यांनी शांतपणे लिहून घेतलं.