'अटॅकमधून वाचलात ना, मग दवाखान्याची पायरी चढू नका' म्हणे!

सांगलीच्या आमराईत सकाळी फिरणाऱ्यांचा आमचा एक ग्रुप आहे, त्यावर परवा एका आण्णांनी फॉरवर्ड टाकला आणि दुपारपर्यंत तोच मला सासुरवाडीच्या ग्रुपवरनं आणि मिरजेच्या मित्राकडनंपण आला. त्यात काय म्हटलंय तर, हार्ट अटॅकमधून वाचलेल्यांनी परत डॉक्टरकडं जाऊ नये. का? तर दवाखान्यात गेलं की बीपी वाढतं म्हणजे डॉक्टरच पेशंट बनवतात, दुखत नाही म्हणजे हार्ट बरं झालं, स्टेंट (हृदयाच्या नसेत बसवतात ती जाळी) बसला की सहा महिन्यांनी गोळ्या बंद, चेकअप म्हणजे नुसता धंदा, आणि काही झालंच तर जोरजोरात खोकायचं, हार्ट चालू राहतं.

मला दीड वर्षापूर्वी अटॅक आला, मिरजेला अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. खरं सांगू का, हे वाचून आधी राग नाही आला, बरंच वाटलं. कारण चेकअपच्या आदल्या रात्री मला अजून झोप लागत नाही, मिरजेला दवाखान्यात जाताना विश्रामबागच्या पुढं गाडी गेली की तळहात ओले व्हायला लागतात, आणि घरात मायक्रोवेव्हची पीप वाजली तरी आयसीयूतला मॉनिटर आठवतो. अशा माणसाला कुणी सांगितलं की जाऊच नका, तर त्याला ते पटणारच की हो.

बीपीचं अर्धं खरं आहे. माझं वरचं बीपी घरी 126-130 असतंय आणि केबिनमध्ये 164. पण ह्याला डॉक्टर लोकांनीच व्हाइट कोट इफेक्ट असं नाव दिलंय, त्यांना ते माहीत असतंय, फक्त आपण सांगायला पाहिजे. मला सात दिवस घरी मोजायला लावलं, सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं गप बसून, हात हृदयाच्या लेव्हलला ठेवून दोन-दोनदा. ती वही दाखवली आणि गोळी वाढवायची होती ती वाढलीच नाही. म्हणजे गेलो म्हणून एक गोळी वाचली, फॉरवर्डवाल्यांनी हे कुठं लिहिलंय?

दुखत नाही म्हणजे बरं, हे तर काय बोलायचं. एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल अटॅकनंतर 70 च्या खाली, हल्ली तर 55 च्या खाली आणायला बघतात, ते 120 असलं तरी कुठं दुखत नाही. शुगरवाल्यांना तर अटॅकसुद्धा कधीकधी न दुखता येतो. आणि माझा आला तेव्हा मी ॲसिडिटी समजून तासभर सोडा पीत बसलो होतो, त्यामुळं माझ्या अंदाजावर माझाच विश्वास नाही.

गोळ्यांचा मुद्दा सगळ्यात डेंजर आहे. स्टेंट म्हणजे धातूची जाळी, तिच्यावर आपल्या नसेचं अस्तर चढायला वेळ लागतो, तोवर तिथं रक्ताची गुठळी होऊ शकते. म्हणून अटॅकनंतर रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या साधारण वर्षभर देतात, पुढं बहुतेकांना एक चालूच राहते. कुणाला कमी, कुणाला जास्त, ते ज्याचा त्याचा डॉक्टर ठरवणार. दाढ काढायची असली तरी आपल्या मनानं बंद करायची नाही, आधी विचारायचं.

धंद्याचं म्हणाल तर तक्रार खोटी नाही, मलापण एका ठिकाणी कशासाठी हे न सांगता टेस्टची यादी हातात दिलेली. मी विचारलं की ही कशाला, तर त्यातल्या दोन कमी झाल्या. स्टेंटच्या किमतीलापण सरकारनं फेब्रुवारी 2017 मध्ये लगाम घातला, औषधाचा लेप असलेला स्टेंट 30 हजाराच्या आसपास आणला. लुटतात म्हणून जायचंच नाही, हा कुठला हिशोब?

आता खोकल्याचं. ह्यात मी एक्स्पर्ट आहे, कारण मी दोन महिने खोकलोय! कोरडा खोकला, रात्री जास्त, आणि मला वाटलं फुप्फुसात पाणी झालं, हार्ट गेलं कामातनं, आणि हेच ऐकायला लागेल ह्या भीतीनं अपॉइंटमेंट दोनदा पुढं ढकलली. शेवटी बायकोनं गाडीत बसवून नेलं. डॉक्टरनी तपासलं, छाती साफ, आणि म्हणाले रामिप्रिलनं, म्हणजे माझ्या बीपी-हार्टच्या गोळीनं, काही जणांना असा खोकला होतो, गोळी बदलून देतो. पंधरा दिवसात गेला. दोन महिने उगाच मेलेल्यासारखा जगलो.

त्याच दिवशी धीर करून भीतीचंपण सांगितलं, तर ते हसले नाहीत. म्हणाले, अटॅकनंतर बऱ्याच जणांना होतं हे, पुढच्या वेळी सकाळचा पहिला नंबर घ्या आणि घरच्यांना आत घेऊन या. झोप फारच उडाली तर त्यावरचेपण डॉक्टर असतात म्हणाले.

आणि खोकून हार्ट चालू ठेवायची गोष्ट कॅथलॅबमधली, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीतली आहे, तिथं मॉनिटर लावलेला असताना ठोके बिघडले तर डॉक्टर काही सेकंद पेशंटला खोकायला सांगू शकतात. घरी छातीत दाबल्यासारखं झालं, घाम सुटला तर खोकत बसू नका, 108 ला फोन लावा. आण्णा, तुम्हीपण, आणि तेवढा फॉरवर्ड डिलीट करा.