मेस्तमामांची दुरुस्ती

गेल्या रविवारी गोव्यातल्या कुंभारजुव्याच्या कालव्यात माझं विमान धक्क्यापासून पार वळणापर्यंत पाणी कापत गेलं, तिथून वळलं, तसंच परत आलं, आणि बोटभरही वर उठलं नाही. धक्क्यावर जमलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. एकाने शिट्टी मारली. "काय धावता मरे!" अशी मनापासून दादही आली. विमान बांधणाऱ्या माणसाला विमान धावल्याबद्दल टाळ्या मिळाव्यात, हे मला अजून पचलेलं नाही.

विमान म्हणजे कॅटालिना. पाण्यावर उतरणारं, पाण्यावरूनच उडणारं. खरं कॅटालिना 1935 साली पहिल्यांदा उडालं, त्याच्या पंखांचा पसारा 104 फूट. माझं त्याच्या सोळाव्या हिश्शाचं, रिमोटवर चालणारं, म्हणून पंख बरोब्बर साडेसहा फूट. दुसऱ्या महायुद्धात 4 एप्रिल 1942 ला लंकेच्या दक्षिणेला जपानी आरमार येताना दिसलं, ते असल्याच एका कॅटालिनातल्या वैमानिकांना. हे सगळं सांगायच्या तयारीने मी धक्क्यावर गेलो होतो. विचारलं कोणीच नाही. विचारलं ते एवढंच, की हे लग्नाचं शूटिंग करतं का, आणि भाडं किती.

बांधणीचं पुराण मी आवरतं घेतो. गोव्यातल्या पावसाळ्यात इपॉक्सी, म्हणजे वाळून कडक होणारा लेप, लावणाऱ्याच्या वाट्याला काय येतं, ते ज्याने लावलंय त्यालाच कळेल. काचेचं कापड फोमवर बसवावं, वर इपॉक्सीचा हात मारावा, सकाळी उठून पाहावं तर पृष्ठभागावर मेणचट थर आलेला. हवेत दमटपणाच इतका. तो पुसा, घासा, पुन्हा लावा. त्यात पाण्याचा एक मूळचाच खोडसाळपणा आहे. विमान सोळा पटींनी लहान करता येतं, पाण्याचा थेंब करता येत नाही. खऱ्या विमानाच्या काचेवर जे नुसते तुषार, ते माझ्या विमानाच्या पंख्यांवर बादलीने ओतल्यागत येतात. म्हणून नाकाच्या दोन्ही बाजूंना पाणी खाली दाबणाऱ्या पट्ट्या लावायच्या. इंजिनं वर पंखात असल्यामुळे जोर दिला की नाक पाण्यात खुपसतं, म्हणून मोटरींची तोंडं किंचित वर करायची. हे सगळं मी केलं होतं. आणि पायरी केली होती.

ही पायरी नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा तमाशा तिच्यावरूनच झाला. विमानाचं पोट म्हणजे होडीचाच तळ. पण हा तळ नाकापासून शेपटीपर्यंत सलग नसतो. मध्यावर, गुरुत्वमध्याच्या जरासा मागे, तो एकदम वर तुटतो. माझ्या विमानात साधारण सेंटिमीटरभर. गोलसर तळाला पाणी चिकटून राहतं, ओल्या फरशीवर पालथं पडलेलं स्टीलचं ताट चिकटतं तसं. वेग कितीही वाढवा, सोडत नाही. पायरीपाशी मात्र पाण्याची साथ तुटते, खाली हवा शिरते, मागचा भाग मोकळा होतो, आणि विमान पायरीच्या पुढच्या वीतभर जागेवर घसरत घसरत नाक उचलून निघून जातं. अमेरिकेत विमानं बांधणाऱ्या ग्लेन कर्टिसलाही 1912 च्या सुमारास हाच धडा मिळाला. त्याची बोट नुसतीच पाण्यात पळायची; तळाला पायरी दिली तेव्हा कुठे उडाली.

या पायरीची कड धारदार लागते. जराशी गोल झाली तरी पाणी तिला वळसा घालून पुन्हा मागच्या तळाला चिकटतं. म्हणून मी तिच्या कडेला प्लायची बारीक पट्टी बसवून नखाला लागेल इतकी धार काढली होती.

आता मेस्तमामा.

मेस्तमामा जुने होडीवाले मेस्त. आंब्याच्या खोडातून होडी कोरण्यापासून फळ्या काथ्याने शिवून वर काजूच्या बियांचं तेल पाजण्यापर्यंत सगळं या हातांनी केलंय, असं ते हात दाखवून सांगतात. जत्रेतल्या ऐतिहासिक नाटकांत आयुष्यभर सरदाराची कामं केल्यामुळे त्यांचं साधं बोलणं कोकणीत आणि महत्त्वाचं बोलणं नाटकातल्या मराठीत चालतं. विमान पालथं करून मी बॅटरीची झाकणं तपासत होतो, तेव्हा ते मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग छाती भरून म्हणाले,

"ही खाच कोणाच्या हातून घडली?"

"खाच नाही मामा, पायरी आहे. मुद्दाम केलीय."

"पायरी देवळाला असते. नौकेला तळ असतो."

मी सगळं समजावून सांगितलं. पाणी कसं चिकटतं, हवा कशी शिरते, कर्टिस, 1912. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं, पटतंय.

"म्हणजे पाण्याने हिला सोडावं, अशी तुझी इच्छा?"

"हो."

"पाणी सोडायचंच होतं, तर हिने नौका व्हावं कशाला?"

याला उत्तर होतं, पण ते मला घरी गेल्यावर सुचलं. तोवर मामा पंखांच्या टोकांशी पोचले होते. तिथे दोन छोटे तरंगते आहेत. खऱ्या कॅटालिनात ते उडताना वर दुमडून पंखाचंच टोक होतात, तशी यंत्रणा मी दोन सर्वो, म्हणजे छोट्या मोटरी, लावून केलीय. मला वाटतं, अख्ख्या विमानात मी सगळ्यात जास्त खपलो तो या कोपऱ्यावर. मी रिमोटवरून ते दुमडून दाखवले. पोरं ओरडली. मामांनी मान हलवली.

"होडीला उलांडी एका बाजूला. दोन बाजूंना घालतो तो, ज्याचा आपल्या खलाशावर भरवसा नाही."

"मामा, तुमच्या होड्या किती उडाल्या?" मी विचारलं. मला राग आला होता.

मामा मुळीच चिडले नाहीत. "एकही नाही," म्हणाले. "उडायला केल्या नव्हत्या. तुझी केलीय ना? मग उडव."

तेवढ्यात एका पोराने विचारलं, पंतप्रधान साबरमतीवर बसले होते तसलंच ना हे? मी म्हटलं नाही, 2017 चं ते विमान साधंच, खाली दोन लांबुळक्या होड्या बांधलेलं; याचं पोटच होडी आहे. पोराच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मामा कोकणीत उत्तरले, "अरे, तें सांगोड, हें होडें." धक्क्यावरच्या सगळ्यांना एका क्षणात कळलं. गणेश विसर्जनाला दोन होड्या जोडून सांगोड बांधणाऱ्या गावात मी तरंगत्यांची व्याख्या करत बसलो होतो.

इतक्यात निरोप आला की पंचबाबनी, म्हणजे पंचायतीच्या पंचांनी, बोलावलंय. ड्रोनच्या नकाशावर दाबोळी आणि मोपा विमानतळांची लाल-पिवळी वर्तुळं चुकवून मी ही जागा शोधली होती, पण पंचबाबच्या व्हरांड्याला वर्तुळ नसतं. तिथे चहा, मग आणखी चहा. पंचबाब वयस्कर, वाचलेला माणूस. पोर्तुगालच्या गागो कुतिन्यो आणि साकादुरा काब्राल यांनी 1922 साली लिस्बनहून रिओपर्यंत पाण्यावर उतरणारं विमान कसं नेलं, हे त्यांना पाठ. मला भरून आलं. म्हटलं, चला, गावात एक तरी माणूस भेटला.

"त्यांतली दोन विमानां वाटेत बुडलीं," पंचबाब म्हणाले. "तिसरें पावलें. तुझ्याकडे कितलीं आसात?"

"एकच."

"हां. आनी कॅमेरा?"

कॅमेरा नाही, हे पटवण्यात तासभर गेला. मग मगरीचा विषय निघाला. या कालव्यात मगरी आहेत, त्या दाखवायला पर्यटकांच्या बोटी फिरतात. तुझ्या यंत्राच्या आवाजाने मगर बुजली तर बोटवाले कोणाला विचारणार? बरोबर आहे. मगरीला विचारणारे आहेत. पणजीला मांडवीच्या ऐन पात्रात कॅसिनोची जहाजं रात्रभर दिवे पाजळून उभी असतात, समुद्रकिनाऱ्यावर जेट-स्कीवाल्यांमुळे पोहायला पाण्यात पाय टाकायची सोय उरली नाही. त्यांना व्हरांड्यात बसवून चहा कोण पाजतं ते मला माहीत नाही. इथल्या मातीतला एक माणूस तीन किलोचं फोमचं विमान घेऊन आला, की मात्र अख्ख्या गावाची सुरक्षा धोक्यात. तिथे मी हे बोललो नाही. चहा प्यायलो आणि "हो, हो" म्हटलं.

परत आलो तर विमान पाण्यात होतं. मेस्तमामा गुडघाभर पाण्यात शेपूट धरून उभे, पोरं पंखांपाशी, अगदी सरकारी उद्घाटनाचा थाट. "निःशंक मनाने निघावे," मामा म्हणाले. "सर्व सिद्धता झाली आहे."

कसली सिद्धता, हा प्रश्न मला तेव्हा पडायला काही कारण नव्हतं. वारा समोरून होता, भरती संथ होती, याहून चांगला मुहूर्त मिळाला नसता. मी जोर दिला. नाक उठलं, तुषार उडाले, विमान वेगात आलं. आता सुटेल, मग सुटेल. नाक वर उचलणारा शेपटीचा एलिव्हेटर मागे खेचला. विमानाने नाक वर केलं, शेपूट पाण्यात घट्ट रोवली आणि तसंच फरफटत गेलं. वळणापर्यंत. मोटरी किंचाळत होत्या. परत येताना पुन्हा तेच. बॅटरी हाताला चटका बसेल इतकी तापली तेव्हा मी थांबवलं, आणि टाळ्या झाल्या.

विमान उचलून पालथं केलं. पायरी नव्हती.

म्हणजे जागा होती, पायरी नव्हती. माशांच्या थर्माकोलच्या पेटीची पाचर कापून तिथे बसवली होती, वर एमसील चोपडलं होतं, आणि ते ओल्या बोटाने इतकं सफाईदार गुळगुळीत केलं होतं की नाकापासून शेपटीपर्यंत डोळा कुठे अडत नव्हता. तळ सलग. मी घडवलेली प्लायची धार त्यात कुठेतरी पुरली गेली होती. खरं सांगू का, काम सुंदर होतं. माझ्या हातून इतकं सुंदर एमसील कधी बसलं नाही. याचाच जास्त संताप आला.

"आता बघ कशी सरळ धावते," मामा म्हणाले. "मघाशी दोष होता. काढला."

मी काही बोलण्याच्या आतच त्यांनी दुकानातून उधारीवर आणलेल्या एमसीलचा हिशोब दिला. तीस रुपये. मजुरी नको म्हणाले, कलेचं काम आहे. मी पन्नासची नोट काढली. सुटे कोणाकडेच नव्हते, तेव्हा वरचे वीस रुपये पोरांच्या आइस्क्रीमला गेले. "देव बरें करूं," असे आभार शेवटी मीच मानले. संस्कार. दुसरं काय म्हणणार?

एमसील काढणं हा आता माझा संध्याकाळचा उद्योग झालाय. थोडं निघतं, पण निघताना काचेचं कापडही घेऊन निघतं. जे निघत नाही त्याच्या वजनाने विमान मागे जड झालंय, म्हणून नाकात शिशाचे तुकडे भरायचे. म्हणजे मागे नको असलेलं वजन, पुढे त्याला तोलायला आणखी नको असलेलं वजन, आणि हे सगळं उचलायला मोटरी त्याच. ऑफिसात एका सहकाऱ्याने विचारलं, इतकं काय, पायरी नवीन कर. करीन. याच्या आधी कोणी विचारलंय का की पायरी म्हणजे काय? एकानेही नाही. मेस्तमामा सोडून. हीच तर खरी अडचण आहे. सबंध गोव्यात माझ्या विमानाचा तळ हात फिरवून पाहणारा माणूस एकच, आणि त्याने तो बुजवला.

काल रात्री मामांचा फोन आला. आवाज सरदाराचा, म्हणजे विषय गंभीर. यंदाच्या सांगोडाला पुष्पक विमानाचा देखावा करायचं ठरलंय. दोन होड्यांच्या मध्ये माझं विमान, वर एक पोरगा राम, एक सीता.

"मामा, ते फोमचं आहे. पोरगा बसला तर मोडेल."

"बसणार नाही. मागे उभा राहील. समोरून बसल्यासारखा दिसेल. नाटक करतो रे आम्ही."

"आणि तोपर्यंत मला ते उडवून बघायचंय."

पलीकडे जरा शांतता. मग समजुतीच्या सुरात, कोकणीत: "कित्याक? उडयतलो आनी मोडटलो. मागीर आमी कितें दाखोवप?"

मंडळाची बैठकही झाली म्हणे. रंग सोनेरी करायचं सर्वानुमते मंजूर झालं. तळाला रंग लावायची गरज नाही, तो पाण्यात असतो, हे मामांनी आपणहून माझ्या बाजूने मांडलं. डबा कुठल्या दुकानात मिळतो तेही त्यांनी सांगितलं, आणि बिल माझ्या नावावर करायला सांगून ठेवलंय.